न धुतलेली काच

मी सिवगामी. पिनांगच्या ह्या प्रयोगशाळेत काचेवर सोन्याचा थर चढवायचं मशीन बावीस वर्षं माझ्याच ताब्यात आहे. संशोधक पोरांकडून आलेली काच मी आधी प्लाझ्माच्या डब्यात दोन मिनिटं स्वच्छ करते, मगच मशीनमध्ये ठेवते. त्यात कोणी नाक खुपसलेलं मला खपत नाही.

शुक्रवारी बाराच्या सुमाराला बी लेंग नावाच्या संशोधक पोरीच्या, सोनं चढवलेल्या काचेवरचा गोंद सुकत होता. समोर तिच्या प्रबंधाचे परीक्षक डॉ. झुल्कर्नैन बसलेले. त्यांनी येतायेताच सुनावलं होतं, "मला नमाजाला निघायचंय. आजही जमलं नाही, तर विषय बंद. चार वर्षं पुष्कळ झाली."

"सर, काचेवरच्या अल्युमिनियमच्या पट्टीवर मी रेणूंचा एकच थर लावलाय," पोरगी सांगत होती. "दिसत नाही, पण त्याच्यावर सोनं पकड घेत नाही. गोंद ओढला की पट्टीवरचं सोनं निघून येतं, बाजूचं राहतं. मधे फट उरते ती त्या थराएवढीच."

अगं आई गं! प्लाझ्मा असले थर जाळूनच टाकतो. आणि मी सवयीने ही काच त्यात घातली होती.

तिने चिमट्याने गोंद ओढला. कोराच आला, सोन्याचा कण नाही. वीज आरपार गेली की वाजणारं मीटर टेकवताच किंचाळलं. पट्टी आणि सोनं, दोन्ही एकमेकांना चिकटलेली.

"झालं समाधान?" सर उठले. बी लेंगचा चेहरा पांढराफटक पडला. मी गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. देवाशप्पथ, क्षणभर राहिलेही.

"सर, थांबा. माती मी खाल्ली. ही प्लाझ्मात घातली मी. थर राहीलच कसा?"

"बावीस वर्षं झाली ना तुम्हाला?" सर एवढंच म्हणाले.

बी लेंगने माझं मनगट धरलं. "अक्का, दुसरी? दुसरीही धुतलीत?"

दुसरी काच तिने उशिरा, धापा टाकत आणली होती, मी मशीनचं दार लावत असताना. "मी काय तुझी नोकर आहे?" म्हणून मी तिला झापलं होतं आणि काच तशीच आत सरकवली होती.

"नाही गं. तिला धुवायला वेळच नव्हता."

तिने दुसऱ्या काचेवर गोंद लावला. सुकायला वीस मिनिटं. सर घड्याळ बघत होते, मी मुरुगा देवाचा धावा करत होते. बी लेंगने ओढलं, आणि गोंदाबरोबर सोन्याची सलग पट्टी निघून आली. मीटर टेकवलं. आवाज नाही. सरांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः तीनदा टेकवलं.

"थर गेला तर चिकटलं, राहिला तर सुटलं," ते म्हणाले. "हे त्या थरामुळेच होतं, हाच पुरावा मी तुझ्याकडे मागत होतो. दोन्ही काचा प्रबंधात घाल." आणि घाईघाईने मशिदीकडे निघाले.

बी लेंगने डोळे पुसले, वही माझ्यापुढे सरकवली. "तुमच्या हाताने लिहा, अक्का. काय केलं, किती मिनिटं. खाली नाव. ते प्रबंधात तसंच छापणार मी."

इतक्या पोरांच्या काचांवर सोनं चढवलं, माझं नाव कोणी छापलं नव्हतं. आता छापणार, ते ह्या घोडचुकीखाली. मी लिहिलं. लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं.