गोलजाळीपासून सोयगावपर्यंत

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि बॅटरी लवकर तापते. कॅमेरा मात्र अजून स्वच्छ आहे.

कारखान्यात माझे भाग जोडल्यावर कॅमेरा तपासायला माझ्यासमोर बारीक रेघांचा एक कागद धरला होता. त्या रेघा मला वेगवेगळ्या दिसल्या, म्हणून मी पास झालो. पुढे विशाखाने मला घेतले. वाळूजच्या कंपनीत ती कामाला जाई आणि मी तिच्या पर्समध्ये असे. मग नवा फोन आला आणि मी जुन्या चार्जरांबरोबर खणात गेलो. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. खणात अंधार असतो.

मला बाहेर काढले ते रूपालीमुळे. विशाखाची ही धाकटी बहीण तिच्याकडे संभाजीनगरात राहून शिकते आणि शाळेच्या फुटबॉल संघात गोलकीपर आहे. त्यांच्या आई, आशाबाई, सोयगावला असतात. कपाशीची वेचणी सोडून त्यांना येता येत नसे. म्हणून विशाखा प्रेक्षकांत बसून माझ्यातून सामना थेट पाठवू लागली आणि आशाबाई तो बांधावर बसून पाहू लागल्या. रूपालीने शहरात राहायचे की घरी परतायचे, हे त्या सामने बघूनच ठरवणार होत्या.

मित्रांनो, माझा डोळा तुम्ही वळवाल तिकडेच बघतो. कान मात्र चारही बाजूंचे ऐकतो.

एका सामन्यात रूपालीच्या हातून चेंडू निसटला आणि गोल झाला. मागच्या पायरीवरचे एक गृहस्थ म्हणाले, "हिला कुणी उभं केलं रे? म्हशी वळायला लावा." लोक हसले. विशाखाने मान खाली घातली, तसा मीही खाली झालो आणि पायऱ्याच दाखवत राहिलो. आशाबाईंना ते हसणे पोचले. रूपालीने पुढे काय केले, ते पोचले नाही.

लगेच त्यांचा फोन आला. "घेऊन ये तिला घरी. लोकांनी हसावं म्हणून ठेवलंय का पोरीला तिथं?"

घरून सामना बघणाऱ्या आणखी काही पालकांनीही ते ऐकले होते. त्यांची तक्रार आल्यावर स्पर्धेचे आयोजक साहेबराव सर म्हणाले, "उद्यापासून प्रेक्षकांतून लाइव्ह बंद. फायनलला आपला कॅमेरा असतोच की."

"व्हय सर. पण आमची पोरगी फायनलला पोचंल, असं लिहून देता का?" विशाखाने विचारले.

सरांनी हसू दाबले. "अहो, लोकांची तोंडं मी कशी बंद करू?"

"लोकांची नाय, ह्याचे कान बंद करते," म्हणत तिने मला इयरफोन जोडला आणि त्याचा माइक ओठांजवळ धरला. "टोकाला बसते. माझाच आवाज जाईल."

"बघू एक सामना. पण समोरच्या टीमला विचारायचं, अन् पोरींच्या तोंडावर कॅमेरा न्यायचा नाय."

समोरच्या संघाने होकार दिला. पुढच्या सामन्यातही रूपालीवर गोल झाला. या वेळी विशाखाने मला खाली केले नाही. जाळीतला चेंडू उचलून रूपालीने मैदानात भिरकावला आणि हात दाखवत आपल्या मुलींना ओरडून जागेवर उभे केले. त्यानंतर तिने एकही चेंडू आत जाऊ दिला नाही.

खेळ चालू असतानाच मागच्या वेळी म्हशींचं बोललेले ते गृहस्थ जवळ आले. "ताई, आम्हाला बी लिंक टाका की. भाची हाये समोरच्या टीममध्ये, तिच्या घरच्यांना दावतो."

"टाकते दादा. म्हशी तेवढ्या तुमच्या तुम्ही वळा."

सामना संपल्यावर आशाबाईंचा फोन आला. "राहू दे तिला तिथं. घरात शब्द निघत नाय तोंडातून, अन् तिथं लई हुकूम सोडती." मग त्या म्हणाल्या, "विशाखा, तू जरा कमी बोल. मला बघू दे."

मित्रांनो, प्रेक्षकांना सामना असा दाखवू द्यावा का, असे कुणी विचारले तर मी हो म्हणेन. खेळणाऱ्यांना आधी विचारा, आपल्या बोलण्याचे भान ठेवा. आणि आपल्या माणसावर गोल झाला तर मला खाली करू नका. ते माणूस कसे उठते, हेच तर दूरच्या कुणाला तरी बघायचे असते.