मौनाची पंगत

संध्याकाळची पुण्याची गाडी गेली की नूरमोहम्मद टांगेवाला चिंचवड स्टेशनच्या फलाटावर एक फेरी मारतो. गिऱ्हाईक तर बघतोच, पण बाकाच्या टोकाला गाठोडं छातीशी धरून एखादी पोर बसलेली दिसली की तिच्यापासून चार हात लांब उभा राहून सांगतो, "देवळामागं बायांची खोली आहे, बेटा. भाकरी मिळते. चल, सोडतो."

पिंपरीला औषधांचा कारखाना निघाल्यापासून अशा पोरी वाढल्या. कुणी कामाच्या आशेनं येते, कुणी घरातून निघून येते, आणि अंधार पडला की दोघींची गत एकच. म्हणून आमच्या भजनी मंडळानं धर्मशाळेच्या दोन खोल्या मागून घेतल्या. मी स्वयंपाकाचं बघते. शाळामास्तरीण सुमनताई बोलायचं बघतात. वाटणी ज्याच्या त्याच्या स्वभावाला धरून झालेली आहे.

इंद्रायणी आली ती श्रावणात. मावळातल्या खेड्याची, सोळा वर्षांची, सातवी फायनल पास. आईबाप लहानपणीच गेलेले, वाढवलं चुलत्यांनी, त्यांना ती तात्या म्हणायची. त्यांनीच आता तिचं लग्न चाकणच्या एका कांद्याच्या आडत्याशी ठरवलं होतं. बिजवर, दोन लेकरांचा बाप. राखीपौर्णिमा झाली की सुपारी फुटायची होती.

"नको म्हणून सांगितलंस का त्यांना?" सुमनताईंनी विचारलं.

"तात्यांना सांगायला सुरवात करता येती," ती म्हणाली. "शेवट करता येत न्हाई. ते मधीच बोलत्यात."

तिला सुईणीचं काम शिकायचं होतं. पुण्याच्या एका दवाखान्यात शिकवतात, राहायलाही जागा देतात. पण घरच्या मोठ्या माणसानं येऊन हो म्हटल्याशिवाय मुलगी घेत नाहीत. म्हणजे तिला लपवून आमचं भागणार नव्हतं. तात्यांचा होकारच हवा होता.

दोनतीन दिवसांत तात्या आलेच, भर दुपारी. मालोजी त्यांचं नाव. त्यांना घेऊन आला तोही नूरमोहम्मदच.

"काय हे, नूरभाई?" सुमनताई दारातच हळू आवाजात म्हणाल्या.

"फलाटावर माणूस रडकुंडीला येऊन विचारत होता, ताई. खोटं कसं बोलू?"

मी तेव्हा नुकती पानावर बसले होते. चातुर्मासात माझा नेम असा की दिवसातून एकदाच जेवायचं, आणि तेही मौनानं. एक शब्द जरी तोंडून गेला तरी पानावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यावर राहायचं. पहिला घास मी नुकताच घेतला होता.

"आमची पोरगी कुठंय?" म्हणत मालोजीराव आत आले आणि मला जेवताना बघून तिथंच थबकले. मागं जाऊन वहाणा काढून आले.

"त्यांचं मौन आहे," सुमनताई म्हणाल्या. "पोरगी सुखरूप आहे. तुम्ही आधी हातपाय धुवा, दोन घास खा. सकाळपासून उपाशी दिसताय."

"मौन आमच्यात बी हाय," मालोजीराव ताठ होत म्हणाले. "आमच्या बाच्या वक्तापासनं. पानावर जो बोलंल त्यानं उठायचं. आन वडीलधारं माणूस उठल्याबिगर कुणी जागचं हलायचं न्हाई. आमी मोडत न्हाई ते."

"मग तर उत्तम. इथं वडीलधाऱ्या मंजुळाबाईच," असं माझ्याकडं हात करून म्हणत सुमनताईंनी त्यांच्यासाठी माझ्यासमोर पाट मांडला.

भूक तर त्यांना लागली होतीच. बसले, पानाभोवती पाणी फिरवलं, घास घेतला आणि तोंड मिटलं.

चुलते आले की आत बसून राहायचं, असं इंद्रायणीला आम्ही आधीच सांगितलं होतं. पण भाताचं पातेलं घेऊन तीच बाहेर आली.

"तात्या, भात?"

तात्यांचे डोळे मोठे झाले. तोंड उघडलं, पण उघडल्या तोंडात त्यांनी घासच घातला. वाढणारीला मौन नसतं, नाहीतर पंगत उपाशी राहील. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि त्यांच्याच घरात वाढलेल्या पोरीलाही.

"तुमीच मला शाळंत घातलं, तात्या," तिनं वाढता वाढता सुरवात केली. "ओढ्याला पाणी आलं की खांद्यावर बसवून पल्याड न्यायचा. गाव हसायचं."

तात्यांनी हातानं 'पुरे' केलं. भाताला की बोलण्याला, ते तिनं विचारलं नाही. दोन्ही वाढत राहिली.

माझं पोट एव्हाना भरलं होतं. मालोजीराव आशेनं माझ्या पानाकडं बघत होते. मी बोट वर करून आणखी भात मागितला. पोरीनं मला वाढला, वर आमटी ओतली आणि पुन्हा चुलत्याकडं वळली.

"काकीच्या बाळंतपणात सुईण दोन गावं टाकून यायची हुती. आली तवा उशीर झाला हुता. तुमी दारात हुबं ऱ्हाऊन म्हणला हुता, आपल्या गावात एक शिकलेली बाई आसती तर. मी तितंच हुते, तात्या. तवापासनं माझ्या मनात हाय. आडत्या माणूस वंगाळ न्हाई, पर मला ते शिकायचंय. न सांगता आले ते चुकलं आसंल. घरी येवढं सांगून झालंच नसतं."

मालोजीरावांचा हात पानातच राहिला. मानही खालीच होती. दाराआड सुमनताई पदरानं डोळे पुसत होत्या. त्या मघाशी हसत होत्या, म्हणून मला आधी कळलंच नाही.

मी आणखी थोडा भात मागितला. देवाच्या कृपेनं पातेलं मोठं होतं.

"झालं माझं," इंद्रायणी म्हणाली, आणि मग माझ्याकडं वळून, "उठा आता, आजी."

मी उठले. मालोजीरावांनी हात धुतले, बऱ्याच चुळा भरल्या.

"आमटीत गूळ लई पडलाय," ते पहिलं वाक्य बोलले.

"चातुर्मासात कांदा चालत नाही ना," सुमनताई म्हणाल्या. "गुळावर भागवतो."

"कांद्याचं नाव काढू नगा, बाई. चाकणला कबूल होऊन बसलोय मी."

"मग तिथं जाल तेव्हा जेवायला बसायच्या आधी सांगून टाका."

मिशांवरून हात फिरवत ते पोरीकडं वळले. "येवढं सगळं पोटात हुतं तर कधी बोलली का न्हाईस गं?"

"बोलले हुते, तात्या. अर्धं अर्धं."

त्यांनी तांब्या उचलून आणखी एक चूळ भरली.

"बुधवारी येतो," शेवटी म्हणाले. "दवाखाना बघू. मला तितं काय इचारायचंय ते मी इचारणार. तू मधी बोलू नगंस."

"न्हाई बोलत."

"तवर हितंच ऱ्हा. निजती कुठं तू?"

तिनं खोली दाखवली. त्यांनी खिडकीचे गज हलवून पाहिले, दार लावून पाहिलं, आतली कडी ओढली तर ती हातातच आली.

"ही कुणी बसवली?"

"भजनी मंडळानं," मी सांगितलं.

"वाटलंच मला. टांग्यात हातोडी हाय का, मियाँ?"

दारात थांबलेला नूरमोहम्मद हातोडी आणायला गेला. मालोजीराव उंबऱ्यावर बैठक मारून खिळे सरळ करायला लागले. मी मात्र खांबाला टेकून जी बसले ती तिथंच राहिले. पोटातला भात मला उठू देत नव्हता.