चुकीचं शिकवलेलं

लॅक्रॉस हा शब्द मी आधी ऐकलासुद्धा नव्हता. टोकाला जाळी लावलेली काठी, तिच्यात झेलायचा टणक रबरी बॉल, दोन बाजूंना दोन गोल. "श्रीमंतांची थेरं," असं मी संजनाला फोनवर म्हणालो. ती म्हणाली, "तुझ्या मुलीला आवडतंय," आणि फोन ठेवला. संजना माझी बायको होती. गेल्या वर्षी आमचं खलास झालं.

मिहिका नऊ वर्षांची, ती आईजवळ शारजाला, अल नहदात. मी तिकडे अबुधाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीत तिघांबरोबर एका फ्लॅटमध्ये, मुसफ्फाच्या एका साइटवर सेफ्टी ऑफिसर. दर शनिवारी दीड तास गाडी हाणत यायचो. दहा ते एक लेक माझी. ते तीन तास आम्ही मॉलमध्ये नुसते हिंडायचो. शाळा कशी चाललीय? "फाइन." डब्याला काय होतं? "स्टफ." एक वाजला की मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि गाडी हायवेला लागली की स्वतःचीच लाज वाटायची.

जानेवारीत तिला गोलकीपर केलं. दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं, हिने हात वर केला. त्या शनिवारी गाडीत बसल्याबसल्या म्हणाली, "बाबा, तू विकेटकीपर होतास ना? टीच मी."

काय सांगू तुम्हाला. मी जालन्याचा, कॉलेजच्या टीमचा कीपर, दोन बोटं त्यापायी कायमची वाकडी. आजवर त्याचा कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता. त्या दिवशी मॉल बोंबलला.

तिच्या टॉवरमागे रेतीचं मोकळं पार्किंग आहे. पाच लिटरच्या पाण्याच्या दोन कॅनचा गोल केला आणि टेनिस बॉल टाकायला लागलो. बॉल आला की ही डोळे मिटून तोंड फिरवायची. मी मुळात तापट. "डोळे उघडे ठेव म्हटलं ना," असा खेकसलो की पोरगी रडायलाच लागली. मग माझंच मला वाईट वाटलं. तीन पावलांवर बसलो आणि तिच्या हेल्मेटवर बॉल हळूहळू आपटत राहिलो. "काय झालं? आवाज झाला. अजून काही?" ती हसायला लागली. फेब्रुवारीत तिचे डोळे उघडे राहू लागले.

मग मी तिला माझ्या सरांनी मला शिकवलेलं शिकवलं. बॉलला पुढे जाऊन भिडायचं नाही, त्याला येऊ द्यायचं. आला की त्याच्याबरोबर हात मागे घ्यायचे, म्हणजे तो उसळून बाहेर पडत नाही. ती स्वतःशी पुटपुटायची, "लेट इट कम, टेक इट बॅक." शेवटी शेवटी तिच्या जाळीतून एकही बॉल सुटत नव्हता. खेळून झालं की कॅनवर बसून आम्ही पराठा खायचो आणि ती एकसारखी बोलायची, मैत्रिणींचं, टीचरचं, सगळं.

आणि मार्चमध्ये संजनाने सांगितलं, शाळा संपली की दोघी पुण्याला जाणार, कायमच्या. तिला तिकडे नोकरी मिळाली होती. मी कोण नाही म्हणणारा? जायच्या आदल्या शनिवारी दुबईत मिहिकाची मॅच होती, तिची पहिली. मी विचार केला, लेकीबरोबर देण्यासारखं माझ्याकडे आहे तरी काय? हे एवढंच. कुठेही खेळली तरी म्हणेल, हे मला बाबाने शिकवलंय.

मॅच सकाळी आठची. संजना दोन खुर्च्या सोडून बसली. पहिला शॉट आला, मिहिकाने अलगद झेलला. मी उठून टाळ्या वाजवल्या, तर रेफरीने शिट्टी मारून गोल दिला. माझं डोकंच सटकलं. "अरे पकडलाय तिने, डोळे आहेत का?" संजना म्हणाली, "समाधान, खाली बस." दुसरा झेलला, गोल. तिसरा झेलला, गोल.

हाफटाइमला कोच राहिल आला, हैदराबादचा अगदी सभ्य पोरगा. "सर, वो लाइन पे खड़ी रहती है. बॉल पकड़के हाथ पीछे लेती है, तो बॉल लाइन के अंदर चला जाता है. पकड़ा हुआ भी गोल है. दो महीने से बोल रहा हूँ, एक क़दम आगे, हाथ आगे. सुनती नहीं. बोलती है, माय डैड टॉट मी." मग म्हणाला, "कीपर चेंज कर दूँ?"

साइटवर मी लोकांना शिडीचंसुद्धा मॅन्युअल वाचायला लावतो. आणि पोटच्या पोरीला शिकवताना एक व्हिडिओ बघितला नाही. मला सगळं येतं ना.

"पाच मिनिटं दे," म्हणालो आणि तिच्याजवळ गेलो. ती हेल्मेट घालूनच बसली होती.

"मिहू, मी चुकलो. ते क्रिकेटचं होतं, इथे चालत नाही. सर सांगतात तसं कर."

"आय नो," ती म्हणाली. "कोच शोड मी द लाइन."

"मग हात मागे का घेतेस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न झाला. "बिकॉज यू टॉट मी."

मला तिथेच तिला उचलून घेऊन जावंसं वाटलं. पण तिची पहिली मॅच होती, आणि माझ्यापायी तिला बाहेर बसवणार होते. मी हेल्मेटची जाळी धरली. "मी शिकवलेलं विसर. सगळं. आत्ताच्या आत्ता."

"एव्हरीथिंग?"

"सगळं."

तिचे डोळे भरले, पण म्हणाली, "ओके."

दुसऱ्या हाफचा पहिला शॉट आला आणि सवयीने तिचे हात मागे गेले. गोल. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. पुढच्या शॉटला तिने पाऊल पुढे टाकलं, काठी पुढे घातली, बॉल आपटून गवतावर पडला आणि तिने तो झडप घालून उचलला. राहिल ओरडला, "यल्ला, मिहिका, दॅट्स इट." संजना रडत होती आणि टाळ्या वाजवत होती.

मिहिकाने आणखी चार अडवले. प्रत्येक वेळी काठी उंचावून तिने राहिलकडे पाहिलं. बरोबरच होतं, शिकवलं त्याने होतं. मी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या आणि मनातल्या मनात म्हणत राहिलो, मिहू, गोल झाला तर होऊ दे, पण एकदा, चुकून तरी, हात मागे घे.