दावणीच्या गाईसाठी फुंकलेले शिंग

मी एक जुने शिंग आहे, मित्रांनो, गाईचे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आयर्लंडमधल्या नास गावातल्या ज्या मराठी घरात मी राहतो, तिथे एवढ्यावरूनच महाभारत झाले. आणि हेही सांगतो, की मी रागीट आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल त्यांनी दुसऱ्या कोणाकडे जावे.

माझा जन्म किल्केनीच्या डोंगरालगत, नोरा नावाच्या विधवेच्या गोठ्यात, एका तांबड्या गाईच्या डोक्यावर झाला. आयर्लंडवर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. शेतात पिकेल त्याचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, असा कायदा होता. कोणत्या चर्चला? ज्याची पायरी नोरा जन्मात कधी चढली नव्हती त्या, राज्यकर्त्यांच्या पंथाच्या चर्चला. राबायचे नोराने, आणि आयत्या बिळावर नागोबा दुसराच!

ती गाय म्हातारी होऊन गोठ्यातच मेली. मागे मी आणि तिची लेक उरलो, आणि घरात दूध होते ते त्या लेकीचेच. नोराने कर भरला नाही, तेव्हा एका सकाळी शिपाई आले आणि त्या गाईला दावणीवरून सोडून घेऊन गेले. बाजारात लिलाव मांडला. माणसांनी बाजार भरला होता, पण ठरवून एकानेही बोली लावली नाही. मग शिपायांनी तिला इंग्लंडला विकायला तसेच बंदराकडे हाकत नेले. मी ज्या गाईच्या डोक्यावर होतो, तिने चाटून मोठे केलेले ते वासरू होते. माझा राग तेव्हापासूनचा आहे.

नोराने त्याच दिवशी करवतीने माझे टोक कापले, तापलेल्या सळईने आरपार भोक पाडले आणि ती डोंगरावर जाऊन बसली. खाली रस्त्यावर शिपाई दिसले की ती मला फुंकायची. पलीकडच्या टेकडीवरून दुसरे शिंग उत्तर द्यायचे, मग तिसरे. शिपाई पोचेपर्यंत सगळी गुरे कड्यामागे गेलेली असत आणि माणसे हाताची घडी घालून दारात उभी असत.

सरकार मोठे बिलंदर. लोक ऐकत नाहीत म्हटल्यावर त्याने तो कर रद्द केल्याचा देखावा केला आणि गुपचूप जमिनीच्या खंडात मिसळून टाकला. मग खंड थकला म्हणून घरे पाडू लागले. तेव्हा नोराच्या नातवाने मला फुंकले. पुढे सैनिकांच्या लॉऱ्या फिरू लागल्या, तेव्हा त्या नातवाच्या लेकीने फुंकले. आधी लोक म्हणत होते, कर कमी करा. मग म्हणू लागले, कर लावणारे तुम्ही कोण? या दोन वाक्यांच्या मध्ये किती माणसे मातीत गेली, ते मला विचारा. अखेर देश स्वतंत्र झाला.

आणि मी? मी गेलो प्रेसमध्ये. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. वर नाताळच्या दिव्यांच्या माळांचा गुंता. चौकाचौकांत पुतळे उभे राहिले, शिंगाला कोण विचारतो? गरज सरो, वैद्य मरो.

नोराच्या वंशातला डर्मट आता ऐंशी ओलांडून गेला आहे. मुले परदेशी. त्याचे वृद्धाश्रमात जायचे ठरले, तेव्हा तिथल्या व्यवस्थापक बाईंनी बजावले, की वाजणारी वस्तू आणायची नाही. म्हणून त्याने मला शेजारच्या भार्गवीकडे दिले. तिने मला हौसेने देव्हाऱ्याखालच्या फळीवर मांडले. त्याच आठवड्यात तिच्या सासूबाई, अलकनंदाबाई, नागपूरहून आल्या.

"हे काय ठेवून राहिली तू देवाखाली?"

"आई, शेजारच्या डर्मटनी दिलंय. अँटिक पीस आहे."

"मेल्या गाईचं शिंग आहे ते. मला नको घरात."

"आजी, इट्स ओन्ली अ हॉर्न, लाइक," नात स्वराली म्हणाली. पण मी कचऱ्याच्या डब्यात गेलो. गाई वाचवण्यासाठी ज्याने घसा फोडला, त्याला गाईच्याच नावाने कचऱ्यात! मी आतल्या आत धुमसत होतो.

रविवारी डर्मट चहाला आला. "उद्या मी जातो," तो म्हणाला. "जाण्याआधी एकदा ते ऐकू दे. माझ्या छातीत आता तेवढा दम नाही." सगळ्यांची तोंडे उतरली. भार्गवीचा नवरा शिरीष धावत बाहेर गेला आणि मला नळाखाली धरून घेऊन आला. त्याने फुंकले, नुसती थुंकी उडाली. स्वरालीने फुंकले, नुसता वारा.

डर्मट नोराची गोष्ट सांगत बसला. अलकनंदाबाईंनी नागपूरच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेले. त्यांनी सगळे ऐकले आणि इंग्रजीत एकच विचारले, "गाय परत आली का?"

"नाही."

त्या उठून आपल्या खोलीत गेल्या. डर्मट थोडा वेळ थांबला आणि मला न ऐकताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी अलकनंदाबाईंनी मला गरम पाण्याने धुतले आणि खोबरेल चोळले. "एकट्या बाईची दावणीची गाय ओढून नेली," त्या भार्गवीला म्हणाल्या, "अन् मी इथं विटाळ धरून बसली."

पुढच्या रविवारी त्या मला घेऊन वृद्धाश्रमाच्या पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या.

"आई, इथे परवानगी नाहीये," शिरीष कासावीस होऊन म्हणाला.

"नोरानं डोंगरावर कोणाची घेतली होती?"

घरच्या आरतीला रोज शंख त्याच फुंकतात. त्यांनी मला ओठांना लावले आणि, मित्रांनो, मी वाजलो. वर एक खिडकी उघडली. डर्मट दोन्ही हातांनी चौकट धरून उभा होता आणि रडत होता. व्यवस्थापक बाई तरातरा बाहेर आल्या. हे नियमात बसत नाही, ताबडतोब थांबवा, असे त्या खडसावून म्हणाल्या.

"नो इंग्लिश," अलकनंदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा छाती भरून घेतली.

मित्रांनो, घरात असे जुने काही असेल तर त्याला धूळ खात ठेवू नका. हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यातही कोंबू नका. माझी निगा सोपी आहे. अधूनमधून तेलाचा हात फिरवा, आणि कोणी गप्प बसा म्हणाले, की फुंका.