होळीला दिलेलं कुंपण

तळं म्हणा, खड्डा म्हणा, मला दोन्ही नावं चालतात. मोखाड्याच्या बसथांब्यावरून चढ चढून आलात की सरकारी नोकरांची कॉलनी लागते. तिच्या मागच्या दारांशी पसरलेला मी बोलतोय.

मला कुणी ठरवून जन्माला घातलं नाही. नव्वदच्या सुमाराला घरांची जोती भरायला इथला मुरूम खणून नेला, मागे उरलो तो मी. कडा सरळ कापलेल्या, पाय टेकायला उतार कुठेच नाही. पहिल्याच पावसात घरांत पाणी शिरलं, तेव्हा सगळी गटारं माझ्याकडे वळवली. तेव्हापासून डोंगराचं आणि छपरांचं पाणी मीच पोटात घेतो. श्रावणात तुडुंब, होळीला ठणठणीत कोरडा.

मागच्या दारांशी असल्यामुळे मला सगळ्यांचं सगळं कळतं. कुणाचं दूध उतू गेलं, कोण नवऱ्याशी अबोला धरून भांडी आपटतंय, काही सुटत नाही.

तहसील कचेरीतल्या तुळशीदासाची रुपी रांगायला लागली, तेव्हा त्यानं माझ्याभोवती कारवीच्या काठ्यांचं कुंपण घातलं. शेजारची जयवंती, मास्तरांची बायको, हसून म्हणाली, "भाऊजी, तळं काय पळून जाणार आहे?"

"तळं नाय पळायचं वहिनी, आमची बाय पळंल."

पण आपल्याकडे होळी म्हणजे केवढा सण! लाकडं मागून न्यायची, कुणी नाही दिली तर हळूच उचलायची, आणि त्याचा राग कुणी धरायचा नाही. फाल्गुनात पोरं यायची. "काका, तळ्यात टिपूस नाय, कुंपण कशाला राखताय?" तुळशीदास स्वतः काठ्या उपटून द्यायचा. वैशाखात परत रोवायचा. असं किती वर्षं चाललं.

मग रुपी शाळेत जाऊ लागली, शहाणी झाली. त्या वर्षी कुंपण होळीला गेलं आणि वैशाखात तुळशीदासाचा हात काही काठ्यांकडे वळला नाही. जयवंतीची मालू मात्र तेव्हा नुकती दुडुदुडू धावायला लागली होती.

"भाऊजी, यंदा कुंपण?"

"घालू की वहिनी. पाऊस कुठं पळालाय?"

तिनं नवऱ्याला सांगितलं. मास्तर म्हणाले, "तुळशीदास घालतोच की दरवर्षी."

पाऊस लवकर आला.

श्रावणातली गोष्ट. सकाळभर धो धो कोसळून ऊन पडलं. मागची दारं उघडली, ओले कपडे दोऱ्यांवर चढले. मी काठोकाठ भरलो होतो. वर हिरवं शेवाळ, बाजूला हिरवं गवत. माझी कड कुठे संपते ते मोठ्यांनाही कळलं नसतं. मालू स्टीलची वाटी घेऊन आली. वाटी तिनं पाण्यावर सोडली. ती तरंगत जराशी पुढे गेली. मालूनं हात लांबवला.

आवाज झालाच नाही. बुडणारं माणूस ओरडतं असं सगळ्यांना वाटतं. ओरडायला श्वास लागतो, आणि पाणी आधी तोच घेतं.

थोड्या वेळानं जयवंतीची हाक आली, "रुपे, मालूला पाठव गं, भात कालवलाय!"

"काकी, ती इथं कुठंय? तुमच्याकडंच ना?"

कॉलनीत मूल कुणाच्याही घरी जेवायचं, कुणाच्याही घरी निजायचं. म्हणून दोन्ही घरं निर्धास्त होती.

पाण्यावर तरंगती वाटी दिसली, आणि जयवंती धावत आली ती माझ्यात उडी घ्यायलाच. रुपीच्या आईनं तिला मिठी मारून मागे ओढलं. "नको वहिनी, तू बी जाशील! बांबू आणा कुणीतरी, बांबू!" कपड्यांच्या दोरीचा बांबू आला. मालू हाती लागली, पण उशीर झाला होता. मी तिला धरून ठेवलं नव्हतं हो. धरायला मला हात नाहीत, तसे वर उचलायलाही नाहीत.

जयवंतीनं कुणाला बोल लावला नाही. तुळशीदास ओट्याशी येऊन मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा एवढंच म्हणाली, "मी तरी चार काठ्या रोवायच्या होत्या, भाऊजी." वर्ष सरायच्या आत मास्तर आणि ती जव्हारला बदली घेऊन गेले.

उन्हाळ्यात माझ्या तळाला चिखलात ती वाटी सापडली. तुळशीदासानं कुंपण घातलं आणि तारेनं वाटी त्यालाच टांगली. वारा सुटला की ती काठीवर वाजायची. दर होळीला तो पोरांना म्हणायचा, "माझ्या घराचं दार न्या, पण या काठ्यांना हात लावू नका." पोरं वाटीकडे बघून मुकाट्यानं परत जायची.

गेल्या वर्षी तो निवृत्त होऊन पोशेऱ्याला गावी गेला. यंदाची होळी आली. नव्या पोरांना वाटीची गोष्ट माहीत नव्हती, आणि सांगायला कुणी नव्हतं. काठ्या गेल्या. वाटी तेवढी काढून काठावर टाकली.

आता ज्येष्ठ लागलाय, ढग डोंगरावर टेकलेत. जयवंतीच्या घरात नवं बिऱ्हाड आलंय. त्यांचं लेकरू गेल्या महिन्यात चालायला शिकलं. मागच्या दारात बसून ते माझ्याकडे बघत असतं. माझ्याकडे कसलं, उन्हात चकाकणाऱ्या त्या वाटीकडे.

मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते. कुंपण कोणी घालायचं हे ठरवत बसू नका. तुमच्या हाताशी असतील त्या काठ्या रोवा. आणि त्याआधी ती वाटी उचला.