राखेनं उजळलेली सीडी

लोम गावात कुणाची सीडी अडली की गेनादीचं संगणक-दुरुस्तीचं दुकान गाठायचं, हे ठरलेलंच होतं. ड्राइव्हचं तोंड उघडेना, तर यू-पिन सरळ करून पुढच्या बारीक भोकात खुपसायची. आतलं भिंग पुसायचं ते स्पिरिटच्या थेंबानं. फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. तडा गेलेली सीडी वेगवान ड्राइव्हमध्ये घालायची नाही, आतल्या आत तिचे तुकडे होतात. आणि ओरखडे पडले असतील तर टूथपेस्ट. या शेवटच्या युक्तीवर तर त्याचा भारी जीव. बाजाराच्या दिवशी बायका ती एकमेकींना सांगत आणि वर म्हणत, गेनादीनं सांगितलंय हो. ते कानावर आलं की स्वारी दिवसभर खुशीत असायची.

स्तोयना मावशीचा फोन आला तेव्हा तो नेमका घाईत होता. समोर एकाचा संगणक उघडा पडलेला, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. मावशी नदीकाठच्या खेड्यातली, एकटी. तिचं म्हणणं, देवापुढच्या दिव्यामागे ठेवलेली नेवेनाची सीडी धुरानं काळी झालीय, ओरखडेही पडलेत, शेजाऱ्याचं यंत्र ती आत घेतं, घरघरतं आणि बाहेर टाकतं.

नेवेना म्हणजे तिची एकुलती एक लेक. इटलीत परक्यांच्या म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला गेली आणि गेल्या वर्षी बंद पेटीतून परत आली. पेटी उघडू दिली नाही. आईनं लेकीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. इटलीला निघायच्या आदल्या संध्याकाळी नेवेनानं अंगणात थोडं चित्रण केलं होतं, आणि त्याच संध्याकाळी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आपण लेकीला टाकून बोललो, एवढं मावशीला आठवत होतं. लेकीनं काय उत्तर दिलं ते मात्र काही केल्या आठवत नव्हतं. रविवारच्या फोनवर दोघींनी तो विषय कधी काढला नाही, आणि आता विचारायला लेक नव्हती. सीडीही मावशीनं तोवर कधी लावून पाहिली नव्हती. शनिवारी वर्षश्राद्ध होतं.

"तेवढं एक ऐकू दे मला," मावशी म्हणाली. "मग श्राद्धाला वाटायचे गहू शिजत घालते."

ती सीडी निघायच्या सकाळी नेवेनाला गेनादीनंच भरून दिली होती, पण प्रत ठेवायची त्याची रीत नव्हती, आणि नेवेनाचा कॅमेरा इटलीतच कुठेतरी गेला. फोन खांदा नि कानाच्या मध्ये धरून तो म्हणाला, टूथपेस्ट लाव, मऊ फडकं घे, गोल गोल नको, आतून बाहेर पूस, नाहीच जमलं तर घेऊन ये. आणि फोन ठेवला. कुठल्या बाजूनं पुसायची ते काही त्यानं सांगितलं नाही. चकचकीत बाजूनंच पुसायची, हे काय सांगायला हवं?

गुरुवारच्या बसनं मावशी आली. काळा रुमाल डोक्याला, दुसरा हातात. हातातल्याची गाठ तिनं टेबलावर सोडली आणि आतली सीडी पुढे केली.

"बघ, कशी लख्ख केलीय."

गेनादीनं सवयीनं ती कडेला धरून खिडकीसमोर उचलली. सीडीतून त्याला समोरचं झाड दिसलं, झाडाखालची लाल गाडी दिसली.

लोकांना वाटतं, सगळं त्या चकचकीत बाजूला असतं. तिथं असतं जाडजूड प्लास्टिक, त्याला थोडंफार घासलं तरी चालतं. भरलेलं असतं ते वरच्या बाजूला, जिथं आपण नाव लिहितो तिथं. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ मुलामा आणि त्यावर वार्निशचा एक हात. बस. तो निघाला की संपलं, मग जगातली कुठली युक्ती चालत नाही.

"वरच्या बाजूनंही घासलीस, मावशी?"

"मग काय एकच बाजू घासू? श्राद्धाच्या आधी दिवा नि देवाच्या तसबिरीवरचा पत्रा आतबाहेर घासतेच की मी राखेनं. ही तर देवाजवळच होती. आणि वरनंच जास्त काळी होती."

"राखेनं?"

"अरे, माझ्या तोंडात दात आहे का एक तरी? टूथपेस्ट कुठून आणू?" ती हसली. हिरड्या दिसल्या.

बघतो, एवढंच गेनादी म्हणाला. दुकानातल्या नव्या ड्राइव्हनी सीडीला तोंडच लावलं नाही. मग त्यानं माळ्यावरून जुना ड्राइव्ह काढला, अगदी सावकाश चालणारा, पण चिवट. त्याचं भिंग पुसलं. सीडीवर जिथून उजेड आरपार येत होता तिथं काळ्या पेनानं ठिपके दिले. वेग असेल तेवढा उतरवला. एक आशा होती. सीडी मधून कडेकडे भरत जाते, आणि मावशीनं ती भोकात बोट घालून धरली होती, म्हणून भोकाभोवतीचा मुलामा शाबूत होता. ड्राइव्ह कुरकुरला, थांबला, परत कुरकुरला. मावशीनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

आणि चित्र आलं. अंगण, परातीत लाल मिरच्या, आणि मिरच्या निवडत बसलेली स्तोयना मावशी, दात असलेली. नेवेना कॅमेऱ्यामागे, म्हणून तिची नुसती सावली भिंतीवर.

"ठेव ते यंत्र खाली," पडद्यावरची मावशी म्हणाली. "जायचंय ना, जा. परक्यांच्या म्हाताऱ्या धू. मी मेले तरी येऊ नकोस."

सावली हलली. नेवेनानं बोलायला श्वास घेतला, तो स्पष्ट ऐकू आला. आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले, ते तिथंच थिजलं.

"पुढे?" मावशी म्हणाली.

गेनादीनं पुन्हा लावलं. सीडी काढून पुसली, ठिपके पुन्हा दिले, ड्राइव्ह थंड होऊ दिला. दर वेळी तोच श्वास, आणि तिथंच खेळ खलास. अखेर त्यानं सांगून टाकलं की पुढचं सगळं वरच्या मुलाम्यात होतं, आणि तिथला मुलामा निघून गेला.

मावशीनं हात उलटे करून पाहिले. बोटांच्या रेघांत राख होती.

"म्हणजे मीच पुसलं."

"तू नाही, मावशी. कुठली बाजू ते मी सांगितलं नाही. चूक माझी."

ती एकेक बोट रुमालाला पुसू लागली. ते गेनादीला पाहवेना, आणि मग तो नको ते बोलला.

"ही सीडी मीच भरून दिली होती ना? तेव्हा ऐकलं होतं मी. ती म्हणाली, आई, मी परत येईन."

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"माझी लेक होती ती. मी एक बोलले तर ती चार बोलायची. असलं गोड तिला जमलंच नसतं." तिनं रुमालाची घडी घातली. "खोटं नको बोलूस, बाबा. लाव परत."

त्यानं लावलं. अंगण, मिरच्या, सावली. बाहेर तिची परतीची बस येऊन उभी राहिली होती, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. मावशी जागची हलली नाही. ती वाकून पार पडद्याजवळ गेली होती, आणि पडद्यावरच्या स्तोयनानं तोंड उघडताच तिनं काचेवर बोट आपटलं.

"गप्प बस, मेले," ती म्हणाली. "तिला बोलू दे."

पडद्यावरची बाई बोलायची थांबली नाही. नेवेनानं श्वास घेतला आणि चित्र थिजलं. बस निघून गेली, आणि गेनादीनं पुन्हा पहिल्यापासून लावलं.