तोडलेल्या वायरचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. फुटबॉलच्या मैदानात, मागच्या दाराजवळच्या खांबावर गंजत लटकलो आहे. मित्रांनो, भोंगा म्हणजे नुसते तोंड. बोलणारा दुसराच असतो.

एका लहानशा कारखान्यात पत्रा ठोकून, वळवून मला घडवले. माझ्यातून बोलायचे ते निवेदक काका. बोलण्याआधी ते दोनदा खाकरायचे आणि मग गोल कुणी केला ते सांगायचे. पण गर्दीत एखादे मूल हरवले की खेळ राहायचा बाजूला. "बाळा, रडू नकोस. आहेस तिथेच उभा राहा," असे ते इतक्या मायेने म्हणायचे की मूल खरेच थांबायचे. मग आया माझ्याकडे पाहून हात जोडायच्या. कष्ट काकांचे, मान माझा.

काका वारले. नवे काळे स्पीकर आले. वायरमनने माझी वायर कापली, पण मला उतरवायचा त्याने कंटाळा केला. माझ्या तोंडात कबुतरांनी घर केले. आवाज गेलेल्या भोंग्याला कोण विचारतो?

एका धुकट संध्याकाळी एक मामा भाचीला घेऊन आला. मैदानात बसून सामना पाहायची तिची ती पहिलीच वेळ. "अगं ताई, मी काय चिंगीला हरवणार आहे का?" असे तो फोनवर बहिणीला समजावत होता.

पहिला गोल झाला तेव्हा चिंगी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती.

"मामा, परत दाखव ना."

"इथे परत दाखवत नाहीत, राणी. घडलं ते घडलं."

दुसऱ्या गोलाला सगळे उठून उभे राहिले. मामाने दोन्ही हात वर केले आणि चिंगीचा हात सुटला. तिला दिसेनात खेळाडू, दिसेना चेंडू. नुसत्या पाठीच पाठी. नीट दिसेल अशी जागा शोधत ती मागच्या पायऱ्या उतरली.

खाली नव्या टाकीसाठी खोल खड्डा खणला होता. त्यावर ताडपत्री ताणली होती, आणि धुक्यात ती फरशीसारखी दिसत होती. चिंगी सरळ तिकडेच निघाली. मला वरून सगळे दिसत होते. एवढे मोठे तोंड, पण शब्द फुटेना.

तेवढ्यात कबुतरे फडफडत बाहेर पडली. माझा पत्रा आतून गार झाला. माझ्या पाठीशी, जिथे वायरचे तोडलेले टोक लोंबत होते, तिथे कुणीतरी दोनदा खाकरले.

"चिंगी, बाळा, आहेस तिथेच उभी राहा. मामा येतोय."

ती थांबली. तिच्या बुटाचे टोक ताडपत्रीला टेकले होते.

मामा धावत आला. त्याच्या मागोमाग वायरमनही आला. मामाने तिला उचलून घट्ट धरले.

"तू इथेच कशी थांबलीस?"

"त्या आजोबांनी सांगितलं." तिने माझ्याकडे बोट दाखवले. "ते आधी खोकले."

मामाने वायरमनकडे पाहिले. "तुम्ही काही ऐकलंत?"

"नाही. याला तर वायरच नाही," वायरमन हळूच म्हणाला. "मीच तोडली होती."

मामा उरलेला खेळ पाहायला थांबला नाही. दारातून बाहेर पडताना चिंगीने विचारले, "मामा, आजोबांना थंडी वाजत असेल का?" तो झपाझप चालू लागला.

दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती फळ्या ठोकल्या गेल्या. मला उतरवायला वायरमन शिडी घेऊन चढला. त्याने माझ्यावर हात ठेवला आणि मला न काढताच खाली उतरला.

मित्रांनो, गर्दीत मोठ्यांचा हात सोडू नका. मोठ्यांनाही सांगा, गोल कितीही सुंदर असो, एक हात खालीच ठेवा. माझ्या भरवशावर राहू नका. तो आवाज पुन्हा यावा म्हणून मी रोज कान लावून असतो, आणि येऊ नये म्हणूनही. कारण तो येतो, तेव्हा कुणीतरी हरवलेले असते.